माशाचे मुंडके माडाला, मासा माणसाला

बाजारातून मासळी घरी आली की तिचे दोन ढीग होतात. एक ढीग धुऊन, हळद-मीठ लावून तव्याकडे जातो. दुसऱ्या ढिगात मुंडकी, कल्ले, आतडी, खवले, पर आणि शेपट्या असतात. हा ढीग प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून बाहेर फेकला जातो. ती पिशवी कुत्री फोडतात, कावळे पांगवतात, आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लीला कळते की आज कोणाच्या घरी काय शिजले!

या दुसऱ्या ढिगाविषयी आज वाचक बंधू-भगिनींशी बोलायचे आहे. हा ढीग म्हणजे कचरा नव्हे, ते खत आहे. आणि ते आपण पैसे मोजून विकत घेतलेले आहे. मासळीवाली तागडी धरते तेव्हा मुंडके काही वेगळे काढून ठेवत नाही. (मुंडक्याचे कालवण करणारी घरे पुष्कळ आहेत. त्यांनी ते खुशाल खावे, त्या मुंडक्यावर पहिला हक्क त्यांचाच. मी बोलतो आहे ते त्यानंतर जे उरते त्याविषयी.)

आपल्या लोकांकडे जमीन किती, हे सांगायला नको. कोकणातल्या बहुतेक बौद्धवाड्यांत घरामागे परसू असते दोन-चार गुंठ्यांचे, आणि त्यात चार माड, एक-दोन आंब्याची झाडे, कढीपत्ता, शेवगा, लिंबू, फार तर केळीचे बेट. पण मुले मुंबईला गेल्यावर गावी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ह्या चार माडांचा केवढा आधार असतो! पेन्शन ज्यांना नाही त्यांची ती पेन्शनच. तेव्हा या झाडांच्या पोटात काय पडते हा प्रश्न छंदाचा नाही, चुलीचा आहे.

थोडा जमाखर्च

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, वीस वर्षे कारकुनी केलेला. शेतीशास्त्राचा पंडित नव्हे. पण जमेची आणि खर्चाची बाजू मांडता येते, म्हणून आधी तेच करू.

झाडाला मुख्यतः तीन अन्नद्रव्ये लागतात. नत्र, स्फुरद आणि पालाश. मासा हा प्रथिनांनी भरलेला, आणि प्रथिनांच्या वजनात साधारण १६ टक्के नत्र असते. ताज्या माशात प्रथिने १६ ते २० टक्के धरली तर किलोमागे २५ ते ३० ग्रॅम नत्र होते. मुंडकी-आतड्यांत पाणी आणि हाडे जास्त, म्हणून आपण हात आखडून किलोला २० ग्रॅमच धरू. हाडा-काट्यांतून स्फुरद आणि चुना मिळतो. वाळवलेल्या मासळीच्या खतात नत्र ४ ते १० टक्के, स्फुरद ३ ते ९ टक्के आणि पालाश मात्र ०.३ ते १.५ टक्के असते, असे कृषीची पुस्तके सांगतात. शेजारी शेणखत ठेवून पाहा. त्यात नत्र साधारण अर्धा टक्का.

आता खर्चाची बाजू. केरळात कासरगोड येथे नारळावर काम करणारी केंद्रीय संशोधन संस्था आहे. तिची शिफारस मोठ्या माडाला वर्षाला ५०० ग्रॅम नत्र, ३२० ग्रॅम स्फुरद आणि १२०० ग्रॅम पालाश अशी आहे. (दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे आकडे वेगळे आहेत. आपापल्या भागासाठी कृषी सहायकाला विचारावे, त्यासाठीच तो पगार घेतो.)

समजा, एका घरात आठवड्यातून दोनदा किलो-किलो मासळी येते आणि तिचा तिसरा हिस्सा साफ करताना जातो. वर्षाला हा कचरा झाला सुमारे ३५ किलो. त्यात नत्र ७०० ग्रॅम. म्हणजे एका माडाचे वर्षाचे नत्र भागून कढीपत्ता आणि लिंबासाठी थोडे शिल्लक! प्रत्येक घराला एवढी मासळी परवडते असे मी म्हणणार नाही. अर्धा-अर्धा किलो घेणाऱ्या घराच्या खात्यावर ३५० ग्रॅम पडेल. तेही काही थोडे नाही.

पण ह्याच वहीत एक मोठी तूट दिसते, ती पालाशाची. ३५ किलो कचऱ्यातून पालाश मिळते जेमतेम शंभर ग्रॅम, आणि माडाला हवे १२०० ग्रॅम. नारळात पाणी आणि खोबरे भरायचे तर पालाश लागतेच. म्हणून नुसत्या मासळीवर माड पोसला जात नाही. त्याला राख द्यावी लागते, आणि झावळ्या, सोडणे त्याच्या आळ्यात परत जावी लागतात. माडाने उचललेले पालाश बऱ्याच अंशी त्या सोडणांत आणि झावळ्यांतच अडकलेले असते. ती विकून किंवा बांधावर जाळून टाकणारा माणूस झाडाच्या खात्यातून रक्कम काढतो आणि भरणा मात्र करत नाही.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. युरियाची पिशवी आता ४५ किलोची येते. त्यात नत्र ४६ टक्के, म्हणजे जवळजवळ २१ किलो. एवढे नत्र माशाच्या कचऱ्यातून काढायचे तर हजार किलोहून जास्त कचरा लागेल! तेव्हा 'मासळी घाला आणि बाकी सारे विसरा' असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. मोठ्या बागायतदाराचे गणित निराळे. आपण बोलतो आहोत ते चार झाडांच्या घराविषयी, जिथे कचरा फुकट आहे आणि पिशवी आणायला एसटीने तालुक्याला जावे लागते.

मग युरिया स्वस्त असूनही मासळीचे नाव का घ्यायचे? पावसामुळे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. युरिया पाण्यात विरघळतो आणि पहिल्या मोठ्या सरीबरोबर उतारावरून पऱ्ह्यात जातो. स्फुरदाची तऱ्हा उलटी. जांभ्याच्या लाल मातीतले लोह आणि ॲल्युमिनियम त्याला असे धरून ठेवतात की मुळांना ते सुटत नाही. माशाचे मांस मातीत आठवड्या-आठवड्याने कुजत जाते आणि तसतसे नत्र सुटते. हाडे त्याहून सावकाश. कोकणची माती आंबट, म्हणून हाडातला चुना-स्फुरद तिच्यात हळूहळू विरघळतो. शिवाय युरियातून मातीला न मिळणारी एक गोष्ट मिळते, ती म्हणजे कुजणारा जीवांश, ज्यावर गांडुळे आणि मातीतले सूक्ष्म जीव जगतात.

आणि घाई करू नये. माडाच्या पोईचा अंकुर झाडाच्या पोटात तयार झाल्यापासून ती बाहेर पडून उमलेपर्यंत अडीच वर्षांहून जास्त काळ जातो. त्यानंतर नारळ पक्व व्हायला आणखी वर्ष. यंदा खत घातले आणि पुढच्या मे महिन्यात नारळ मोजले, तर हाती काही लागणार नाही. पाने हिरवी होतील ती आधी दिसतील. नारळ वाढल्याचे दिसायला दोन-तीन वर्षे धीर धरावा लागतो.

ही समज जुनी आहे

झाडाच्या बुडाशी मासा पुरावा, ही गोष्ट काही आपल्याच किनाऱ्याला सुचली असे नाही. अमेरिकेच्या इतिहासात तिची एक कथा आहे, ती आपल्या वाचकांनी ऐकावी अशी आहे.

टिस्क्वांटम नावाचा एक मूळनिवासी होता. १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने त्याला आणि त्याच्या माणसांना फसवून जहाजावर घेतले आणि स्पेनमध्ये गुलाम म्हणून विकायला नेले. तिथून सुटून, इंग्लंडमार्गे तो १६१९ मध्ये आपल्या गावी परतला, तर अख्खे गाव साथीच्या रोगाने मरून गेलेले. त्याच ओसाड गावाच्या जागेवर पुढल्या वर्षी इंग्रज वसाहतवाले उतरले. पहिल्या हिवाळ्यात त्यांची निम्मी माणसे मेली. १६२१ च्या वसंतात ह्याच टिस्क्वांटमने त्यांना मका पेरायला शिकवले आणि जुन्या दमलेल्या जमिनीत बियाण्याबरोबर मासे पुरायला सांगितले. त्याच वर्षाअखेर लिहिलेल्या त्यांच्या एका पत्रात वीस एकर मक्याला भरपूर मासळी खत म्हणून घातल्याची नोंद आहे. ही युक्ती मूळनिवाशांची की त्याने युरोपात पाहिलेली, यावर पुढे अभ्यासकांनी वाद घातला. वाद घालणारे घालोत. ज्याला विकायला नेले त्याच्याच सांगण्यावरून त्या वसाहतीने पीक काढले, एवढे तर त्यांच्याच कागदांत आहे.

अलास्कात तर हे काम माणसाविनाच चालते. तिथला सॅमन मासा समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीतून वर चढतो, आणि अंडी घातल्यावर मरतो. अस्वले त्याला पकडून काठावरच्या जंगलात ओढत नेतात, अर्धा खातात, अर्धा टाकतात. समुद्रातले नत्र रानातल्या नत्रापासून प्रयोगशाळेत वेगळे ओळखता येते. हेल्फील्ड आणि नायमन या दोन संशोधकांनी २००१ मध्ये दाखवले की अशा नदीकाठच्या झाडांच्या पानांतले जवळपास पाव हिस्सा नत्र माशातून आलेले आहे, आणि तिथला स्प्रूस वृक्ष मासे नसलेल्या काठापेक्षा वेगाने वाढतो.

हे सगळे आमच्या एका काकींना सांगितले तेव्हा त्यांना फारसे नवल वाटले नाही. मासे धुतलेले पाणी कढीपत्त्याच्या बुडी ओतीत त्या म्हणाल्या, "सगला आपणच खाल्ला, तर झाडान काय खायाचा?"

पुरायचे काय आणि खायचे काय

आपल्या किनाऱ्यावरच्या नारळ-सुपारीच्या वाड्यांत मासळीचे खत घालण्याची चाल जुनी आहे. खाली केरळ-कर्नाटकात तर ब्रिटिश अमदानीत तारली उकळून तेल काढायचे आणि चोथा वाळवून खत म्हणून विकायचे, असा मोठा धंदाच होता. त्या काळी तारलीचे थवे येत आणि खाऊन संपत नसत. आज गोष्ट बदलली आहे. ट्रॉलरच्या जाळ्यात बारीक-सारीक जे येते ते माशांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्याचे कारखाने उचलतात, आणि गरिबाची सुकट, मांदेली, तारली मात्र महाग होते.

गेल्या वर्षी पावसाळी बंदी उठल्यानंतरची गोष्ट. एका वाडीत मी महिला बचत गटाची वही तपासायला गेलो होतो. त्याच दिवशी एक टेम्पोवाला तिथे आला. त्याच्याकडे 'खताची मासळी' होती, क्रेटच्या क्रेट. आठ घरांनी मिळून घेतली तर दर पाडून देतो म्हणाला. भाव खरोखर कमी होता. माड सगळ्यांचेच, वर्षाचे काम एका दिवसात उरकणार, गटाच्या पेटीत पैसेही होते. घ्यायचे असे जवळजवळ ठरलेच.

एका बाईने क्रेटमध्ये हात घातला आणि मासळी चटईवर पसरली. बोटाएवढी पापलेटे, वीतभरही न झालेले बांगडे, मांदेली, थोडी कोळंबी. ती टेम्पोवाल्याला म्हणाली, "भाऊ, ही तर खायाची मासली. खत कसली?" तो म्हणाला, "बाय, वास बघ. आता कोण खाईल?" वास होता, हे खरे. पण का होता? जाळ्यातून काढल्याबरोबर 'ही खताची' असे ठरले, म्हणून तिच्यावर बर्फ पडला नाही. बर्फ पडला नाही म्हणून ती कुजली. कुजली म्हणून ती खताची! आधी शिक्का, मग लायकी, हा न्याय आपल्या समाजाला पुरता ठाऊक आहे.

चर्चा बरीच झाली. अंगणवाडीच्या वजनकाट्यावर ज्या वाडीतली पोरे कमी भरतात, तिथे मासा जमिनीत घालायचा का, असे एकीने विचारले. दुसरी म्हणाली, आपण नाही घेतला तर बागायतदार घेईल, कारखाना घेईल, मासा काही समुद्रात परत जाणार नाही. तिचे म्हणणे खोटे नव्हते. शेवटी गटाने टेम्पो परत पाठवला. ठरले ते एवढेच की वाडीच्या पैशाने खाण्याजोगा मासा पुरण्यासाठी आणायचा नाही. झाडाला जे द्यायचे ते घराच्या आणि बाजाराच्या कचऱ्यातले.

मला हा निर्णय पटतो. त्यामागे भावना आहे, तशी अक्कलही आहे. वाढायच्या आधीच पकडलेले पापलेट अंडी घालत नाही, आणि जे अंडी घालत नाही ते पुढल्या वर्षी ताटात येत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा जाहीर केले, आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या मासळीसाठी किमान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा पकडू-विकू नये असा तो नियम आहे. कागदावर नियम झाला. गिऱ्हाईक कोण, यावर तो पाळला जाणार की नाही हे ठरेल. त्या गिऱ्हाइकांत आपले माड नसावेत.

माडाला कसे द्यावे

कचरा ताजा असताना पुरावा. बुंध्याला चिकटून कधीही नाही. माडाची अन्न घेणारी बहुतेक मुळे बुंध्यापासून सहा फुटांच्या आत असतात, म्हणून चार-पाच फुटांवर गोल चर किंवा जागजागी खड्डे घ्यावेत. खोली दीड फूट. तळाला सुका पाला, त्यावर मासळीचा थर, परत पाला आणि वर निदान फूटभर माती दाबून. पाला कंजूषपणे घालू नका. मासळीतले नत्र अमोनिया होऊन उडून जाते, तोच तो डोळ्यांना झोंबणारा वास. सुक्या पाल्यातला कार्ब त्याला धरून ठेवतो. म्हणजे वास आला की समजावे, आपले खत हवेत चालले आहे.

खड्डा उथळ राहिला तर कुत्री उकरतात, आणि रानाजवळच्या वाडीत कोल्हे आणि डुकरेही येतात. एका घरी रानडुकरांनी मासळीसाठी तीन वर्षांचा माडाचा रोपा मुळासकट उलथवला. मातीवर करवंदीची नाहीतर बाभळीची काटेरी फांदी टाकावी आणि वर दोन धोंडे ठेवावेत. पुढच्या वेळी त्याच जागी न खणता पुढे सरकावे, म्हणजे वर्षभरात झाडाभोवती फेरी पूर्ण होते.

दिवस कोणते? भाद्रपद-आश्विन उत्तम. पाऊस ओसरलेला, माती ओली, बंदी उठून बाजारात मासळी आलेली. मुसळधार पावसात खड्डा घेऊ नये, पाणी साचून सगळे सडते आणि विहीर जवळ असेल तर घाण तिकडे उतरते. विहिरीपासून तर नेहमीच लांब राहावे.

राख द्यायची ती मासळीबरोबर नाही. राख अल्कधर्मी, ती ओल्या मासळीवर पडली की अमोनिया आणखी वेगाने सुटतो. महिना-दीड महिन्याने, वरच्या मातीत मिसळून द्यावी. गॅस आल्यापासून राख कमी झाली, तरी न्हाणीच्या चुलीत सोडणे जळतातच. ती राख भांडी घासायला संपवू नये.

खारवलेली मासळी, म्हणजे खराब झालेले सुके बोंबील, वास लागलेली सुकट वगैरे, माडाला चालते. माड समुद्रकाठचा, त्याला मिठातले क्लोराइड लागतेच, हे फिलिपाईन्समध्ये झालेल्या संशोधनाने दाखवले आहे. आपली जुनी माणसे माड लावताना खड्ड्यात जाडे मीठ टाकत, ती नुसती समजूत नव्हती. पण हेच खारट खत लिंबाला घातले तर पाने कडेने करपतात. लिंबू, कढीपत्ता, गुलाब यांना मीठ सोसत नाही. त्यांना द्यायचे तर आधी दोन पाण्यांत भिजवून मीठ उतरवावे.

आंब्याचे तंत्र वेगळे. त्याला थंडीच्या तोंडावर नत्र मिळाले तर तो मोहोर धरायचे सोडून पालवी काढत बसतो. म्हणून आंब्याला काय ते पावसाच्या सुरुवातीला, फांद्यांचा घेर जिथे संपतो त्या रेषेखाली. त्या वेळी ताजी मासळी नसते, म्हणून आधीच्या हंगामात कुजवून ठेवलेले खत वापरावे.

नवे रोप लावताना खड्ड्यात मासा घालणारे पुष्कळ भेटतात. घालायचाच तर तळाशी, आणि रोपाच्या मुळांमध्ये व त्याच्यामध्ये फूटभर माती हवी. कुजताना तिथे उष्णता आणि अमोनिया होतो, कोवळे मूळ जळते.

चाळीत, इमारतीत राहणाऱ्यांसाठी

कुंडीत कच्चा मासा पुरू नये. माती थोडी, अळ्या फार. दोन रस्ते आहेत.

पहिला, झाकणाचे जुने पिंप. बाजूंना हवेसाठी भोके, आतून जाळी. मासळीचा एक वाटा, तर सुका पाला, नारळाचा भुसा किंवा सुताराकडचा लाकडाचा भुसा तीन वाटे. प्रत्येक थरावर मूठभर जुनी माती. दर आठ-दहा दिवसांनी हलवावे. वास आला तर भुसा वाढवावा, कोरडे पडले तर पाणी शिंपडावे. तीन-चार महिन्यांत काळसर भुसभुशीत खत होते. त्यात फक्त मोठे काटे ओळखू येतात.

दुसरा, मासळीचा अर्क. कोरियातील चो हान-क्यू यांच्या नैसर्गिक शेतीतून ही पद्धत पसरली, आणि तामिळनाडूतले शेतकरी 'मीन अमिलम' नावाने ती सर्रास वापरतात. जेवढा कचरा तेवढाच गूळ, दोन्ही वजनाने समान. कचरा बारीक करून गुळात कालवावा, प्लॅस्टिकच्या बरणीत पाऊण भरावा, वर कापड बांधून सावलीत ठेवावा. (घट्ट झाकण लावले तर वायू साचून बरणी फुटते, आणि मग तो वास भिंतीला महिनाभर राहतो!) तीन-चार आठवड्यांनी मधासारखा पातळ रस सुटतो. तो गाळून लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर, म्हणजे एक चमचा, एवढाच घालून पंधरवड्याने पानांवर फवारावा. मुळाशी द्यायचा तर लिटरला दोन चमचे. जास्त घातले म्हणून जास्त उपयोग होत नाही, उलट पाने करपतात. भाजी तोडायच्या दिवसांत पानांवर फवारू नये. गुळाचा खर्च मात्र धरावा. शंभर कुंड्यांच्या हौशीला परवडेल, चार कुंड्यांसाठी पिंपच बरे.

आता वासाविषयी. पिंप नीट ठेवले तर शेजाऱ्याला कळतही नाही. तरीही तक्रार होते. मुंबईजवळच्या एका सोसायटीत आमच्या आतेबहिणीने मासे धुतलेले पाणी आवारातल्या कढीपत्त्याला घातले म्हणून तिला लेखी नोटीस आली. त्याच आवारात उघड्या गटारावर कोणी नाक धरत नाही. नोटिशीत 'सोसायटीचे वातावरण' असा शब्द होता. कोणाच्या स्वयंपाकघरातून कसला वास येतो यावरून माणूस ओळखू पाहणारी नाके शहरात अजून शाबूत आहेत. तिने भांडण केले नाही. पाणी घालणे तिने रात्री नऊनंतर सुरू केले, आणि सोसायटीला लेखी विचारले की २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला कचरा वेगळा करायचा बंधनकारक केला आहे, तर आवारात तो जिरवायची व्यवस्था कुठे आहे? त्याचे उत्तर अजून आलेले नाही. कढीपत्त्याची पाने मात्र त्या नोटिशीवर सही करणाऱ्यांच्या घरीही जातात.

कोळंबीची टरफले आणि खेकड्याची कवचे टाकू नयेत. त्यांत कायटिन नावाचे द्रव्य असते. ते खाणारे सूक्ष्म जीव मातीत वाढले की मुळांना गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींना आळा बसतो. टरफले उन्हात कडक वाळवून कुटावीत आणि वांगी, टोमॅटो, मिरची यांच्या मातीत रोपे लावण्याआधी मिसळावीत. तिसऱ्यांच्या शिंपल्या भाजून कुटल्या तर आंबट मातीला चुना मिळतो. न भाजता तशाच टाकल्या तर वर्षानुवर्षे पायाला लागत राहतात.

घरचा कचरा कमी पडत असेल तर मासळी बाजारात जावे. कापून देणाऱ्या बाईच्या पाटाखाली दिवसभरात बादलीभर मुंडकी-आतडी साचतात, आणि ती कुठे टाकायची ही तिचीही डोकेदुखी असते. झाकणाची बादली सकाळी तिच्याकडे ठेवावी, दुपारी उचलावी. पैसे ती सहसा घेत नाही, पण मासळी तिच्याकडूनच घ्यावी. आणि बादली धुऊन परत न्यावी, नाहीतर ती दुसऱ्यांदा भरून देत नाही.